लखोबाला कुणी दाखला मागितला नाही

मराठी नाटकातलं रहस्य म्हटलं की आडबाजूचा बंगला, गेलेली वीज, दिवाणखान्यात पडलेलं प्रेत आणि तिसऱ्या अंकात सगळ्यांना एका रांगेत बसवून उलगडा करणारा इन्स्पेक्टर आठवतो. पण महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर घेतलेलं रहस्य खुनाचं नाहीच. ते एका माणसाच्या नावाचं आहे. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत पहिला प्रयोग, मो. ग. रांगणेकरांचं दिग्दर्शन, फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका. माधव काझी नावाच्या भामट्याच्या खऱ्या खटल्यावरून अत्र्यांनी ते लिहिलं. आरोपीच्या पिंजऱ्यात निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे उभा आहे. एकेक साक्षीदार येतो आणि सांगतो, हा दिवाकर गणोरकर, हा कॅप्टन अशोक परांजपे, हा दाजीशास्त्री दातार, हा राधेश्याम महाराज. आणि लखोबा दर वेळी ते नाकारतो.

यंदाच्या जयंतीला कबनूरमध्ये नाटक करायचं ठरलं तेव्हा आमच्यातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने हेच नाटक सुचवलं. कोर्टाचा एक प्रवेश घ्या म्हणाले, लोक हसतील, बसून राहतील. सूचना वाईट नव्हती. निपाणी इथून तासाभरावर. लखोबाची भाषा आमच्या कानाला परकी नाही. आणि आम्ही म्हणजे कोण, तर कबनूर आणि आसपासची दहा-बारा मुलं-मुली. तिघे यंत्रमागावर, एक सायझिंगमध्ये, दोघी शिलाईकामाला, बाकीचे कॉलेजात. कुणीही शाळेच्या स्नेहसंमेलनापलीकडे रंगमंच पाहिलेला नाही. तयार संहिता मिळत असेल तर नको कशाला म्हणायचं?

विहारात बसून वाचन सुरू केलं आणि दुसऱ्याच संध्याकाळी अडलो. शिलाईकाम करणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं, “ह्याला मुली देणारे चौकशी का करत नाहीत?”

प्रश्न साधा होता, पण त्याने अख्खं नाटक उलटं करून ठेवलं. एक माणूस गावं बदलतो, शहरं बदलतो, प्रत्येक ठिकाणी नव्या नावाने जगतो. स्थलांतर म्हणा, ओळख म्हणा, आजचे नाट्यसमीक्षक ज्या विषयांवर परिसंवाद घेतात ते सगळं त्या नाटकात साठ वर्षांपूर्वीच आहे. पण हा माणूस जिथे जातो तिथे त्याच्यावर विश्वास बसतो. कशाच्या जोरावर? परांजपे म्हटलं की घराचं दार उघडतं. दातारशास्त्री म्हटलं की पाट मांडला जातो. लग्न जुळवताना आडनाव जुळलं की चौकशी तिथेच संपते, कारण चौकशी मुळात तेवढ्याचीच असते. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मर्म सांगितलं ते हेच, की जात म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. त्या निबंधाच्या चष्म्यातून लखोबाकडे पाहा. त्याने फसवलेल्या बायका मूर्ख नव्हत्या. जात तपासून घेणारी आणि माणूस न तपासणारी सोयरीक त्याला आयती मिळाली. तो भामटा खरा, पण त्याचं भांडवल जातीने पुरवलं.

आणखी एक गोष्ट वाचताना लक्षात आली. विश्वास मिळवायचा तेव्हा हा माणूस परांजपे होतो. पिंजऱ्यातून सुटायचं असतं तेव्हा मात्र तो लोखंडे राहतो, सीमाभागातली रांगडी बोली बोलतो, भोळा व्यापारी होतो. प्रेक्षागृहातला मोठा हशा त्या बोलीवर येतो. आता लोखंडे हे आडनाव कुणाचं? सत्यशोधक चळवळीतल्या नारायण मेघाजी लोखंड्यांचं, ज्यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली. आणि आमच्या वस्त्यांतही लोखंडे आहेत. अत्र्यांनी हे जाणून केलं असं आमचं म्हणणं नाही. अत्रे बाबासाहेबांना मानणारे होते, हे आम्ही विसरलेलो नाही. पण नाटककाराच्या हातून त्याचा समाजही लिहीत असतो. प्रतिष्ठेचा वेश कोणता आणि लपण्याचा वेश कोणता, हे त्या काळच्या प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आता शेजारी दुसरं पुस्तक ठेवा. १९६३, म्हणजे नाटकानंतर वर्षभरातच, बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. शीर्षककथेतला तरुणही गाव सोडून जातो. परमुलखात रेल्वेची नोकरी, राहायला भाड्याची जागा, आणि ती टिकावी म्हणून जात लपवलेली. वाचकाचा जीव टांगणीला लागतो तो एवढ्याचसाठी, की कळलं तर? ते कळतं, आणि त्याला मार बसतो. रहस्यकथेचे सगळे घटक इथे आहेत. परका माणूस, लपवलेली ओळख, वाढत जाणारा संशय, शेवटी उलगडा. फरक इतकाच की लखोबाने बायका आणि पैसा लुबाडला, बागुलांच्या नायकाने फक्त निवारा घेतला, तोही भाडं देऊन. एकाच्या उलगड्यावर टाळ्या पडतात. दुसऱ्याच्या उलगड्यावर लाठ्या. दोन्ही मराठी साहित्यच, एकाच काळातलं. लखोबाचे हजारो प्रयोग झाले. बागुल अभ्यासक्रमात आले, परीक्षेपुरते.

पण चोरी हा शब्द बागुलांनी वापरला तो उपरोधाने. आमच्यातल्या काही मुलांना तो अजूनही टोचतो. जात लपवणं हे चळवळीला न शोभणारं, ताठ मानेने सांगावं, असं एक मत बैठकीत जोरात मांडलं गेलं. त्यावर वाद बराच झाला. शेवटी बडोद्याचा प्रसंग काढावा लागला.

सप्टेंबर १९१७. परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला जातात. हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही हे ठाऊक असतं. पारशांच्या धर्मशाळेत जातात. ती फक्त पारशांसाठी असते. मग रखवालदाराशी बोलून पारशी नाव घेतात आणि वहीत त्या नावाने नोंद होते. दिवसाला दीड रुपया. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव दारात येतो आणि विचारतो, तू कोण? कुणाकडे आसरा मागावा? एका हिंदू मित्राला नोकर निघून जातील याची भीती, दुसऱ्या ख्रिस्ती मित्राला बायकोची अडचण. संध्याकाळ कामाठी बागेत काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परततात. २३ सप्टेंबरला आपण संकल्प दिन पाळतो तो याचाच. हे आपल्याला कळलं कसं? ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं म्हणून. टोपणनाव घेतल्याची लाज त्यात कुठेही नाही. लाज वाटायला हवी होती ती दारातल्या लाठ्यांना. हे वाचून दाखवल्यावर ताठ मानेचा मुद्दा मांडणारा मित्र म्हणाला, “म्हणजे नाव बदलणं हा प्रश्न न्हवंच. नाव कोण इचारतंय आणि कशासाठी, हा प्रश्न हाय.” नाटक तिथून सुरू झालं असं म्हटलं तरी चालेल.

त्याच आठवणींमध्ये मसूर स्टेशनचा प्रसंग आहे. आमच्या मिरज-पुणे रेल्वेमार्गावरचंच स्टेशन. नीटनेटके कपडे घातलेली मुलं वडिलांना भेटायला निघालेली, न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर चौकशी करतो. पोरं चांगल्या घरची दिसतात, कोण असतील? उत्तर मिळतं, महार. मास्तरचा चेहरा बदलतो आणि तो मागे सरतो. कुठल्याही नाटककाराला हेवा वाटावा असा हा उलगड्याचा क्षण आहे. पुढे टोलनाक्यावर पाण्यासाठी मुसलमान असल्याचं सांगूनही पाणी मिळत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला एका रात्रीत दोन ओळखींची किंमत कळते.

कबनूरला परत येतो. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. आज इचलकरंजीची वस्ती कुठे संपते आणि कबनूरची कुठे सुरू होते हे नवख्याला सांगता येणार नाही. शेडच्या शेडी. पूर्वी माणसं कर्नाटकातून आणि सोलापूरकडून आली, आता उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून येतात. बारा तासांची पाळी, पिकावर मजुरी. दहा बाय दहाच्या खोलीत दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच अंथरुणावर आडवा होतो. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडच्या टोळ्या येतात, त्या वेगळ्याच. म्हणजे या पट्ट्यात निम्मी माणसं कुठून तरी आलेली आहेत. तरीही खोली भाड्याने मागायला गेलं की पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. आडनाव काय? आमच्याकडे कांबळे म्हटलं की पुढचा प्रश्न येतच नाही. खोली आत्ताच गेलेली असते. परांजपे म्हटल्यावरही पुढचा प्रश्न येत नाही, पण त्या न येण्यात आणि या न येण्यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

गमतीची गोष्ट अशी की गावात परका माणूस आला तर तो कोण, हे शोधायचं काम परंपरेने आमच्या आज्या-पणज्यांचं होतं. वेसकर महार. वेशीवर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायची, पाटलाला खबर द्यायची, चोराचा माग काढायचा, मयताची बातमी परगावी पोचवायची. म्हणजे गावाचा गुप्तहेर तोच होता. मराठी रहस्यनाटकात मात्र शोध लावणारा इन्स्पेक्टर कधी कांबळे झालेला आम्हाला आठवत नाही. आणि वेसकरी करणाऱ्याचीच पुन्हा हजेरी. आपल्याच गावातून हललो नाही हे रोज सांगायचं. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये करवीर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांची ही हजेरी बंद केली. दोनच वर्षांनी, २१ आणि २२ मार्च १९२० ला, आमच्यापासून सायकलने जाता येईल अशा माणगावात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि महाराज तिथे आले. पायाला बांधलेली दोरी सुटल्यावरच माणसं कुठेही जायला मोकळी होतात. स्थलांतराला केवळ दुःख मानणाऱ्या लेखनाशी आमचं इथेच पटत नाही. गाव सोडणं ही आमच्या लोकांसाठी अनेकदा सुटका होती.

आम्ही शेवटी लखोबा बाजूला ठेवला आणि आमचंच एक छोटं नाटक बांधलं. गोष्ट एवढीच. एक माग कामगार एक दिवस कामावर येत नाही. खोलीत त्याची पिशवी आहे, माणूस नाही. ठेकेदाराच्या वहीत त्याचं नाव ‘नवा’ असं लिहिलेलं. चार वर्षं झाली तरी ‘नवा’च. खोलीमालकाला त्याने एक नाव सांगितलेलं, मेसवाल्या मावशींना दुसरं, सोबत झोपणाऱ्याला तो तिसऱ्याच नावाने माहीत. तिघे तीन माणसांची वर्णनं करतात. पोलीस येतो आणि पिशवी उघडतो.

पिशवीत काय सापडावं, यावर आमच्यात दोन रात्री भांडण झालं. बहुतेकांचं म्हणणं, जातीचा दाखला सापडावा. तो दलित होता हे शेवटी कळलं की प्रेक्षकाच्या कानाखाली बसेल. आम्हालाही ते पटत होतं. पण ज्या मैत्रिणीने चौकशीचा प्रश्न काढला होता तीच म्हणाली, “कानाखाली न्हाई बसणार. लोकांना बरं वाटंल. आत्ता कळलं का लपवत हुता, असं म्हणतील आणि घरी जातील.” बरोबर होतं तिचं. उत्तर मिळालं की प्रेक्षक मोकळा होतो. नेहमीच्या रहस्यनाटकाचं सुखच त्यात असतं. आम्हाला कुणाला मोकळं करायचं नव्हतं. म्हणून आमच्या नाटकात पोलीस पिशवी उघडतो, आतला कागद वाचतो, घडी घालून परत ठेवतो, आणि ठेकेदार, मालक, मावशी तिघेही एकदम विचारतात, कोण निघाला? नाटक तिथे संपतं.

प्रयोग विहारासमोरच्या पटांगणात झाला. दोन हॅलोजन, मागाचा एक मोडका सांगाडा आणि शेजारच्या शेडमधला खडखडाट, तो काही आमच्यासाठी थांबला नाही. संवाद ओरडून म्हणावे लागले. नाटक संपल्यावर टाळ्या पडायच्या आधी पुढच्या ओळीतले एक आजोबा उठले, “आरं पोरांनो, पन त्यो हुता कोन?” लोक हसले. आमच्यातला एक म्हणाला, “आबा, कळलं तर काय करशीला?” आबा जरा थांबले, खाली बसले आणि म्हणाले, “करायचं काय, आपलं इचारलं.” तिथून पुढे तासभर लोक बोलत होते. कुणी खोलीची हकिकत सांगितली, कुणी मुलीच्या हॉस्टेलची, एकाने भावकीत नाव बदलून राजपत्रात छापून घेतल्याची. नाटकावर कमी आणि स्वतःवर जास्त बोलले. बाबासाहेबांच्या काळात भीमराव कर्डकांच्या जलशात प्रेक्षक असाच मधे बोलत असेल.

उत्तर प्रदेशातले काही कामगार मागे उभे होते. इथे त्यांना सगळे सरसकट ‘भय्या’ म्हणतात, आमचे लोकही. त्यांच्यात ठाकूर आहेत, यादव आहेत, मुसलमान आहेत आणि आपलेही आहेत. नावापुढे नुसतं कुमार किंवा राम लावणारे. गावाकडून आलेला मुकादम त्यांची जात ओळखतो, आम्हाला ती कळत नाही. गर्दी पांगल्यावर त्यांच्यातला एक जण पुढे आला. दहा-बारा वर्षं इथे, मुलगी मराठी शाळेत दहावीला. हळूच म्हणाला, “हमारे उधर का दाखला इधर चलेगा क्या?”

याचं उत्तर आमच्यापैकी प्रत्येकाला तोंडपाठ असायला हवं, म्हणून इथे लिहितो. अनुसूचित जातींची यादी संविधानाच्या कलम ३४१ नुसार राज्यनिहाय आहे. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सांगितलं की एका राज्यातला अनुसूचित जाती-जमातीचा माणूस दुसऱ्या राज्यात गेला तर तिथे तो आरक्षणावर हक्क सांगू शकत नाही. २०१८ मध्ये बीर सिंग खटल्यात घटनापीठाने तेच कायम केलं. म्हणजे या मुलीला महाराष्ट्राच्या राखीव जागा आणि राज्याच्या सवलती नाहीत. केंद्र सरकारच्या नोकऱ्या आणि केंद्रीय संस्थांमधले प्रवेश, इथे मात्र मूळ राज्यातली जात धरली जाते. आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने स्पष्ट केलं की अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण मूळ राज्यापुरतं मर्यादित नाही. शिवी राज्याची हद्द पाहून दिली जात नाही, एवढं तरी कायद्याने मान्य केलं.

आमची स्वतःची कथा याहून फार वेगळी नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला काढायचा तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. मग पडताळणी समिती, वंशावळ, आजोबांच्या शाळेचा दाखला, दक्षता पथकाची चौकशी. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, हा पुरावा होत नाही. त्यातून निपाणी, चिकोडीकडून मागावर आलेली घरं. १० ऑगस्ट १९५० ला निपाणी आणि कबनूर दोन्ही मुंबई राज्यातच होती. १ नोव्हेंबर १९५६ ला निपाणी म्हैसूर राज्यात गेली. माणसं हलली नाहीत, रेघ हलली. लखोबा पाच नावांनी फिरला, एकाही नावाला कुणी कागद मागितला नाही. आमच्या माणसाचं एकच नाव आहे आणि तेच सिद्ध करताना त्याच्या तीन पिढ्यांची चप्पल झिजते.

त्या कामगाराला आम्ही कायदा समजावून सांगितला. मुलीसाठी केंद्राच्या वाटा तरी खुल्या राहाव्यात म्हणून बापाच्या नावाचा मूळ जिल्ह्यातला दाखला हातात असावा लागेल. त्याच्याकडे तो कधीच नव्हता, गरज पडली नव्हती. गावी जाऊन काढायचा तर जाणं-येणं धरून दहा दिवस. दहा दिवसांचा खाडा म्हणजे माग दुसऱ्याच्या हातात. तिकिटाचे पैसे जयंतीच्या वर्गणीतून उरलेल्या रकमेतून दिले. त्याच्या रातपाळीला आमच्यातले दोघे आलटून पालटून उभे राहायला तयार आहेत, पण ठेकेदार ऐकायला तयार नाही. वहीत बदलीचं नाव काय लिहू, असं विचारतो. उद्या संध्याकाळी त्याच्याकडे सगळे मिळून जाणार आहोत.